खड्ड्यांचा लाभार्थी

चाकणच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांविरुद्ध आम्ही सह्या गोळा केल्या, तेव्हा कंपनीच्या अख्ख्या बसमध्ये एकाच माणसानं सही नाकारली. ढेरीवर डबा टेकवून तो रोज खिडकीशी बसायचा. वजन उतरावं म्हणून बायकोनं त्याच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं होतं. पावलं पुरी झाली तरच वडापाव, ही तिची अट. बस खड्ड्यात आदळली की घड्याळ तो धक्का पाऊल म्हणून धरायचं. कंपनीचं गेट येईतो पावलं पुरी व्हायची, घड्याळ थरथरून शाबासकी द्यायचं, आणि हा पिशवीतून वडापाव काढायचा.

"खड्डे बुजवले तर मी चालायचं कसं, भाऊ?" त्यानं विचारलं.

"अहो, वजन किती उतरलं?"

"वाढलंय. पण घड्याळाची तक्रार न्हाई."

यंत्र धडधडीत खोटं बोलतं आणि माणूस मिटक्या मारतो! आम्ही लढलो. रस्ता गुळगुळीत झाला.

दुसऱ्याच दिवशी तो सीटवर बसून ताक घुसळल्यासारखा हात हलवत होता. मला बघून करवादला, "तुमच्यापायी आता कष्ट पडाया लागले."

मी भडकलो. "मग उतरून पाय हलवा की!"

त्यानं माझी कीव केली.

"घड्याळ हाताला हाय, भावा."