इंदूच्या हातातली नळी

रामाकोना गावचा हिरामण संत्र्याला डोळे बांधायचा. जंभेरी लिंबाच्या रोपाला बारीक चीर द्यायची, तिच्यात चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी अशी आवळायची, की वाराही आत शिरू नये. सौंसरपासून मोहगावपर्यंतचे बागवाले त्याला बोलावून न्यायचे आणि हाही ऐटीत जायचा. हिरामणने बांधलेला डोळा मरत नाही, असं लोक म्हणायचे. लोकांच्या आधी तो स्वतःच म्हणायचा.

शहाऐंशी साली त्याच्या बायकोची, इंदूची, दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. रक्त धुवायला आठवड्यातून दोनदा सौंसरच्या बसने नागपूर गाठायचं. खर्च बागमालक नत्थूजींनी उचलला, भला माणूस. पण इंदूच्या शिरा सुतासारख्या, सुई टिकेना. म्हणून डॉक्टरांनी तिच्या डाव्या हातात कातडीखाली एक कृत्रिम नळी बसवली. एक टोक धमनीला जोडलेलं, दुसरं शिरेला. वर बोट ठेवलं की रक्ताची गुणगुण लागायची. हिरामण रोज सकाळी बोट ठेवायचा आणि जोड धरला म्हणून खूश व्हायचा.

एकदा त्याने सहज विचारलं, "डॉक्टरसायेब, हे आता जन्मभर चालन ना?"

"वर्षभर. दोन वर्षं चालली तर नशीब समजा. आत रक्त गोठतं आणि नळी बंद पडते."

"मंग?"

"मग दुसरा हात. मग मांडी."

"अन् मंग?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

हिरामणला हे पटेना. त्याने बांधलेली झाडं वीस-वीस वर्षं फळतात आणि इंदूचा जोड फक्त वर्षाचा? बसमध्ये, घर येईस्तोवर त्याने स्वतःची समजूत काढली. या शहरातल्यांना बांधणं येत नाही, नुसतं शिवून मोकळे होतात. असा उघडा जोड टिकणार कसा?

संध्याकाळी तो पट्टी घेऊन तिच्याजवळ बसला.

"हे काय करून राहिले?" इंदू म्हणाली.

"जोड बांधून देतो. दहा वर्सं हालत नाई, पाह्य."

"डॉक्टर त म्हणे, हाताले काईच बांधू नोका. घट्ट बांगडी बी नोको म्हणे."

"डॉक्टरनं कधी झाड जगवलं काय?"

इंदू हसली. तिलाही जगायचंच होतं आणि त्याच्या हाताचं काम तिने बागाबागांतून पाहिलं होतं. तिने हात पुढे केला. हिरामणने झाडाला आवळतो तशी पट्टी आवळली.

सकाळी पट्टी सोडून त्याने बोट ठेवलं. काहीच लागेना. बोट जरा सरकवलं, मग कानच लावला. नळी आत दोरीसारखी कडक झाली होती.

"अवो, काय झालं?" इंदूने विचारलं. तो नागपूरला निघायला तिची पिशवी भरू लागला.

नागपुरात डॉक्टरांनी हातावरचे वळ पाहिले. "कुणी बांधलं हे?"

"म्या बांधलं," इंदू म्हणाली.

डॉक्टरांनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. ती खाली मान घालून ऐकत होती आणि हिरामण आ वासून तिच्याकडे बघत होता. शेवटी त्याच्याने राहवेना. "खोटं बोलून राहिली ते! म्या बांधलं. माह्या हातानं."

डॉक्टरांनी हातातली नळी पुन्हा चाचपली. मग हळू आवाजात म्हणाले, "ही नळी आता गेली. उजव्या हातात जागा मिळते का, बघावं लागेल."

"माही शीर काढा," हिरामणने आपला हात टेबलावर ठेवला. "दोन्ही हातांतल्या काढा अन् तिले लावा."

"एकाची शीर अशी दुसऱ्याला नाही चालत."

"काहून नाई चालत?" तो ओरडला. वॉर्डातली माणसं वळून बघू लागली. "काहून नाई चालत, सांगा ना!"

इंदूने त्याचा हात टेबलावरून बाजूला केला. "तुमी उगे राहा जी," ती म्हणाली आणि उजवी बाही वर सारली. "मले हात दाखवू द्या."