मिटल्या पंखांचा गरुड

जुन्या बाजारात मला टोपीवर लावायचं एक पितळी लष्करी चिन्ह मिळालं. दृष्टी गेलेल्या शेजारच्या सुभेदारकाकांच्या हातात मी ते ठेवलं. त्यांनी त्यावरून सावकाश अंगठा फिरवला.

"गरुड. पंख मिटलेले, म्हणजे जागा न सोडणारा. आमच्या पलटणीचा नाही हा."

मी ओशाळलो. "चुकलं माझं, काका."

"अरे, आम्ही डोंगरावर अडकलो तेव्हा हाच गरुड लावलेले जवान वर आले. गोळीबार थांबेपर्यंत आमच्या जखमींपाशी बसून राहिले."

हे चिन्ह घडवताना भरारी सोडून मिटलेले पंख निवडणारा तो अनाम कारागीर मला फार मोठा वाटला. काका खुर्चीला धरून उठले, ताठ झाले आणि त्यांनी त्या परक्या चिन्हाला कडक सलाम ठोकला.