दावं कोणी देत नसतं

बैलाने गुडघ्यावर लाथ घातली आणि मला सव्वा महिना घरात बसावं लागलं. नाहीतर पिक्चर पाहणारा माणूस मी नव्हे. तीस वर्षं बैलांचा व्यापार करतो. अंबडपासून पिंपळगाव रेणुकाईपर्यंत कोणाच्या गोठ्यात कोणती जोडी उभी आहे हे मला पाठ आहे. कोणत्या हिरोची बायको कोण, हे मात्र विचारू नका. जावयाने टीव्हीला काहीतरी जोडून दिलं, माझा पाय उशीवर ठेवला, आणि बायको म्हणाली, "आता बसा गुमान. बाजार न्हाई, गिऱ्हाईक न्हाई. कुणावर वरडायचं ते टीव्हीवर वरडा."

मी ओरडलोही.

पहिला पिक्चर शहरातला होता. नवरा-बायको फ्लॅट घेतात. दलाल भाव सांगतो, दोघं एकमेकांकडे बघतात, बाईच्या डोळ्यांत पाणी येतं आणि दोघं हो म्हणतात. सौदा झाला. मला वाटलं मधला तुकडा उडाला, म्हणून मागे घेऊन पुन्हा पाहिलं. काही उडालं नव्हतं. अहो, भाव ऐकल्यावर निदान नळ तरी सोडून बघावा. भिंतीवर टिचकी मारावी. उठून दारापर्यंत जावं, मागून हाक येते का ते पाहावं. यातलं काही न करता ते दोघं पुढे दोन तास हप्त्यांच्या नावाने रडतात. ज्यांना दारापर्यंत चालायचे कष्ट झाले, त्यांच्यासाठी मी कशाला रडू?

दुसऱ्यात दक्षिणेकडचा हिरो माजलेल्या बैलाची शिंगं धरून त्याला अडवतो. खाली धूळ, वर ढोल. बैलाचे कान कोणी पाहिले का? बिथरलेल्या बैलाचे कान ताठ होतात, शेपटी वळते, नाकातून आवाज येतो. या बिचाऱ्याचे कान लोंबत होते आणि तो मान खाली घालून वैरण शोधत होता. असल्या बैलाला माझी नात दोरीने पाण्यावर नेईल.

आणखी दोन पाहिले. त्यांत गावचा व्यापारी होता. गावाचा पिक्चर असला की तो असतोच. गळ्यात साखळी, तोंडात पान, मागे दोन माणसं काठ्या घेऊन. शेतकरी समोर आला की हा हसतो. मी आयुष्यात असा व्यापारी पाहिला नाही. दोन काठीवाले पोसायला परवडतात कोणाला?

हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण पाचवा पिक्चर आमच्याच बाजाराचा निघाला, आणि त्याच्यापायी आप्पांची जोडी माझ्या हातून जायची वेळ आली.

आधी आप्पांबद्दल सांगतो. आप्पा तीर्थपुरीकडचे शेतकरी. मी एकोणीस वर्षांचा असताना बाजारात आलो तेव्हा माझ्याजवळ एक रुमाल आणि उसनी दोरी होती. जुने व्यापारी मला जनावराजवळ उभं राहू देत नव्हते. तेव्हा आप्पांनी त्यांचा एक तांबडा बैल माझ्या हाताने विकला. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यानंतर त्यांच्या गोठ्यातलं प्रत्येक जनावर माझ्याच हाताने गेलं, आणि आप्पा कोणाकडे देतात हे पाहून आणखी दहा गावं माझ्याकडे आली. आता मुलांनी ट्रॅक्टर घेतला. दावणीला शेवटची लाल कंधारी जोडी राहिली होती, वासरापासून घरी वाढवलेली. पोळा झाला की घेऊन येतो, असं त्यांनी मला उन्हाळ्यातच सांगून ठेवलं होतं. ती जोडी दुसऱ्याने विकली असती तर माझी तीस वर्षांची पत त्या दिवशी संपली असती.

आता पिक्चरचं. मागच्या वर्षी ती मंडळी आमच्या बाजारात आली. त्यात चष्मा लावलेला एक पोरगा होता, बोलायला गोड, हातात वही. मला म्हणाला, "काका, आम्हाला सगळं खरं दाखवायचं आहे. तुम्ही फक्त सांगा." मी दोन बाजार माझा धंदा सोडून त्याला सांगत बसलो. बैलाचं तोंड उघडण्याआधी मानेवर थाप का मारायची. दातांवरून वय कसं ओळखायचं, चार दाती कसा, सहा दाती कसा, आठही दात येऊन जुळलेला कसा. आणि सौदा रुमालाखाली का होतो.

हे बाहेरच्यांना कळत नाही म्हणून लिहितो. विकणारा आणि घेणारा एका रुमालाखाली हात घालतात आणि बोटं धरून भाव सांगतात. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच ठाऊक. यात फायदा विकणाऱ्याचा असतो. माझा सौदा मोडला तर पुढच्या व्यापाऱ्याला कळत नाही की मी किती लावले होते. त्याला कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी लागते. गरजेपोटी कमीत दिलं तरी गावात मान खाली जात नाही. माणूस लाजतो, अडखळतो, तेव्हा मी म्हणतो, "बोटाला बोलू द्या, मालक." ही माझी सवय.

शेवटी मी त्याला दाव्याचं सांगितलं. "बैल विकला तरी दावं कोणी देत नसतं. घेणारा आपली नवी दोरी आणतो. मालक आपलं दावं सोडून घरी नेतो. दावं गेलं तर दावण मोकळी राहते, असं आमच्यात मानतात. मुसलमान शेतकरी असो नाहीतर आमचा, सगळ्यांचं हेच." त्याने हे दोनदा लिहून घेतलं. मी डोळ्यांनी पाहिलं.

आणि मग त्यांनी काय केलं?

पिक्चरमध्ये म्हातारा शेतकरी बैल विकायला येतो. व्यापारी दातात कडुलिंबाची काडी धरून उभा. लिंबाची काडी मी धरतो. तो बैलाच्या मानेवर थाप मारतो, रुमाल झटकून हातावर टाकतो, अगदी माझ्यासारखा. मग म्हणतो, "बोटाला बोलू द्या, मालक," आणि रुमालाखाली म्हाताऱ्याची बोटं पिरगाळतो. म्हातारा कळवळतो, भाव पडतो, व्यापारी हसतो. मागे दोन काठीवाले आहेतच. आणि म्हातारा थरथरत्या हाताने दावं त्याच्या हातात देतो. दावं हातात देतो तेवढंच हळूहळू दाखवलंय. सारंगी वाजते.

शेजारच्या चार बाया पाहायला आल्या होत्या. त्या पदराने डोळे पुसत होत्या. मी म्हणालो, "अवो, तो बैलसुद्धा तो न्हाई. आधी डावं शिंग आत वळलेलं होतं, आता दोन्ही सरळ हायेत. खांद्याला जुवाचा घट्टाबी न्हाई. बदललाय बैल."

"गप बसा हो," एक म्हणाली. "बिचारं म्हातारं रडून राह्यलं अन् तुम्ही शिंगं मोजून राह्यले."

बायको आधी हसली होती. "हे तर तुम्हीच की. काडीसकट." मग बोटं पिरगाळली तेव्हा तिने हसणं थांबवलं आणि टीव्ही बंद केला. मी चालू करायला लावला. शेवटी आभाराची यादी येते तिथपर्यंत बसलो. चहावाल्याचं नाव होतं, टेम्पोवाल्याचं होतं. मी 'समस्त ग्रामस्थ' यांत असेन.

गुडघा बरा होऊन बाजारात गेलो तर चहाच्या गाड्यावरूनच आवाज आला, "या, या. बोटाला बोलू द्या, मालक." सगळे हसले. मीही हसलो असतो, पण त्यातला एक गिऱ्हाईक होता. त्याने रुमालाखाली हात घालताना माझ्या हाताकडे पाहिलं. ते मला लागलं. तीस वर्षांत मी आवाज चढवला, शिव्या दिल्या, सौदा मोडून ताडताड निघून गेलो. बोट कोणाचं दाबलं नाही. माझ्या उस्तादांनी, एका मुसलमान चाचांनी, पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "हाथ नरम रख. भाव सख्त रख." तेवढ्यावर मी घर बांधलं, दोन पोरींची लग्नं केली.

पोळा झाला. आप्पांचा फोन नाही. त्यांच्या नातवाने तो पिक्चर मोबाइलवर दाखवला, हे मला तिकडून येणाऱ्या एकाने सांगितलं. मीही फोन केला नाही. ताठा माझ्यातही आहे.

तिसऱ्या बाजाराला आप्पा आले. टेम्पोतून जोडी उतरवली, लिंबाखाली बांधली आणि खाली बसले. माझ्याकडे पाहिलं, पण बोलावलं नाही. माझ्याआधी दुसरा एक व्यापारी तिथे पोचला. मी दहा पावलांवर उभा होतो.

"आप्पा, पिक्चर पाह्यला का?" त्याने विचारलं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

"पाह्यला की. नातवानं दावला."

"मंग? सांभाळून बरं. बोटं शाबूत घरी न्यायचीत न्हाई का."

आप्पांनी तंबाखू मळली, चिमूट तोंडात टाकली. घाई नावाची गोष्ट त्या माणसात नाही. मग म्हणाले, "त्या पिक्चरात त्यो म्हातारा दावं देतो."

"मंग?"

"मंग काय. बैल इकताना कुणी दावं देतं का? ज्याला दावं ठेवायचं कळंना, त्यो कसला शेतकरी. शेतकरीच खोटा हाय, तर येपारी खरा कशावरून?" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू काय तिथं खांबावानी हुबा ऱ्हायलास? पाय मोडला का तोंड मोडलं?"

"तुम्ही बोलवलं न्हाई, आप्पा."

"तीस वरसात कधी बोलवलं व्हतं?"

मी रुमाल काढला. त्यांनी हात घातला. आणि मग त्या म्हाताऱ्याने मला जे घासलं ते सांगण्यासारखं नाही. मी एक बोट वर गेलो की तेही एक बोट वर जात. मी चिडलो, हात काढला, निघालो, पाणी पिऊन परत आलो. दुसरा व्यापारी कंटाळून गेला. शेवटी झालेला आकडा रुमालाखालीच राहू द्या. माझ्या हाताशी फार थोडं उरलं, एवढंच सांगतो.

मी नव्या दोऱ्या आणल्या होत्या. आप्पांनी स्वतः दोन्ही दावी सोडली, गुंडाळी केली आणि पिशवीत ठेवली. घरी आता त्यांना बांधायला काही नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. ते म्हणाले, "खुट्याला आडकवून ठिवतो." बस्स. सारंगी वाजली नाही. ते टेम्पोत पुढे बसले आणि ड्रायव्हरशी भाड्यावरून भांडायला लागले.

जोडी मी पिंपळगाव रेणुकाईजवळच्या एका मिरचीवाल्याला दिली. माणूस चांगला, पाणी मुबलक. तिथून पुढे जे चालू झालं ते त्या चष्मेवाल्याने वहीत लिहायला पाहिजे होतं. पिक्चरमधला व्यापारी बैल घेऊन जातो आणि पुन्हा दिसत नाही. मला आप्पांचा फोन दर दोन दिवसांनी येतो. डावा बैल सरकी पेंड भिजवल्याशिवाय खात नाही, सांगितलं का? उजव्याला रात्री भिंतीकडे बांधू नको म्हणावं. त्यानं पाणी पिलं का? मी मिरचीवाल्याला फोन करतो, तो वैतागतो, त्याला मी झापतो, मग आप्पांना कळवतो. मागच्या आठवड्यात त्यांना एसटीने तिकडे नेऊन आणलं. तिकिटं मी काढली. बैलांनी त्यांना ओळखलं, त्यांनी बैलांना अंग धरलं नाही म्हणून शिव्या दिल्या, आणि आम्ही संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

यात रडायला काही नाही, म्हणून हे कोणी दाखवणार नाही. लाखो लोकांनी तो पिक्चर पाहिला असेल, आणि त्या सगळ्यांच्या लेखी मी बोटं पिरगाळणारा. त्यांच्यातल्या एकाचा गैरसमज दूर झाला, तोही त्याच्या स्वतःच्या अकलेने. माझा राग काही गेलेला नाही. तो चष्मेवाला पुन्हा बाजारात आला तर मी त्याला चहा पाजीन, समोर बसवीन आणि त्याची वही मागून घेईन. दाव्याचं पान उघडून मोठ्याने वाचायला लावीन, दोनदा. लिहून घेतलं होतं दोनदा.