कौल बघायला रत्नागिरीस

माघ महिना, १९३२. मुक्काम रत्नागिरी. हजर: सासूबाई, धाकटे दीर, धाकटी जाऊ आणि मी. गैरहजर: आमचे हे, मुंबईच्या पेढीवरून रजा मिळाली नाही म्हणून. आंजर्ल्याच्या घराची किल्ली आणि गाय, दोन्ही शेजारणीच्या हवाली.

हजेरी घ्यायची सवय मला माहेरापासूनची आहे. माणसे किती ते आधी कळले की पाने बरोबर मांडली जातात आणि भात उरत नाही. पण त्या खेपेला मी डोकी मोजत होते ती वेगळ्या कारणाने. चौघांतला एक जण घर मोडायला निघाला आहे असा मला संशय होता, आणि त्याला नजरेआड होऊ द्यायचे नव्हते.

निघण्याच्या थोडे दिवस आधी मी गोठ्यात शेण भरत होते. कुडापलीकडे भावजी जावेला हळू आवाजात सांगत होते, "रत्नागिरीस कौल बघून येतो. मनासारखं मिळालं, तर पावसाआधी घराचं काय ते उरकून टाकू. वहिनीला एवढ्यात बोलू नको."

शेणाची पाटी तशीच खाली ठेवली मी. आमच्या भागात मोठ्या गोष्टीला हात घालण्याआधी देवाचा कौल घेतात. गुरव मूर्तीला पाकळ्या लावतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आता घराच्या बाबतीत देवाला विचारावे असे एकच काम असते, वाटणी. आमच्याच आळीत आदल्या वर्षी एका घराची झाली होती. ओटीच्या मधोमध कूड उभा राहिला, एका चुलीच्या दोन झाल्या आणि सख्ख्या जावा एकमेकींकडे पाठ करून तुळशीला पाणी घालू लागल्या. बरे, कौल गावच्या देवीपुढे लावला असता तर गुरवाच्या तोंडून संध्याकाळपर्यंत गावभर झाले असते. म्हणून लांबची देवी. सगळे बरोबर जुळत होते.

त्यात भावजींनी सासूबाईंना सांगितले, "आई, तुला रत्नागिरी दाखवून आणतो. ब्रह्मदेशच्या राजाचा वाडा बघ, किल्ला बघ." जो माणूस हर्णैच्या बाजाराला जायचे तरी कुरकुरतो, त्याला एकाएकी आईला वाडे दाखवायची हौस आली होती! मी तिथल्या तिथे म्हटले, "मीही येते." भावजींचा चेहरा उतरला. तोही मी बघून ठेवला.

हर्णैहून आगबोटीने गेलो. जाऊ बोटीभर लिंबू नाकाशी धरून बसली होती. माझ्या दशम्यांना तिने हात लावला नाही की माझ्याकडे धड बघितले नाही. मनात पाप असले की अन्न जात नाही, असे मी ठरवून टाकले.

उतरलो सासूबाईंच्या मावसबहिणीकडे. बघायच्या ठिकाणांचा क्रम मी लावला. पूजा झाल्यावर सकाळी कौल लावतात, निदान आमच्याकडे तरी तसेच. भगवतीचे देऊळ किल्ल्यावर, म्हणून सकाळी राजवाडा आणि दुपार कलल्यावर किल्ला.

"किल्ला सकाळी बरा, वहिनी. ऊन लागणार नाही," भावजी म्हणाले.

"दुपारी समुद्राचा वारा असतो," मी म्हटले.

राजवाडा खाडीच्या वरच्या अंगाला, उंचावर आहे. जांभ्या दगडाचा, तांबडा, लांबच लांब. खिडक्यांच्या वरच्या कमानी अर्ध्या चंद्रासारख्या, त्यात रंगीत काचा. लाकूडकाम इतके बारीक की झाडायचे कसे हाच विचार माझ्या मनात आला. परक्या मुलखात कैदेत ठेवलेला राजा इथे राहून इथेच वारला आणि त्याच्या घरची माणसे पुढे परत गेली, असे रखवालदाराने सांगितले. आवाज घुमत होता. सासूबाईंनी दिवाणखाना बघितला, खालची गुळगुळीत फरशी पायाने चाचपली आणि रखवालदाराला विचारले, "एवढ्या घरात चूल कुठे होती?"

"मागे, आजी. वेगळ्या इमारतीत."

"मग अन्न गारच होत असणार," सासूबाई म्हणाल्या आणि राजाबद्दलचे त्यांचे कुतूहल संपले.

भावजी मात्र मान वर करूनच हिंडत होते. कमानी नाहीत, काचा नाहीत; नजर सारखी आढ्याकडे. अंगणात उभे राहून मला म्हणाले, "बघा वहिनी, दोन्हीकडच्या बाजू वेगळ्या, तरी वाडा एकच दिसतो की नाही?"

"दिसतो. राहणारं कोणी उरलं नाही म्हणून," मी म्हटले.

जाऊ पायरीवर बसून राहिली होती. तिला माझ्यासमोर यायचे नव्हते, असा मी अर्थ घेतला.

दुपारी किल्ल्यावर गेलो. घोड्याच्या नालेसारखी तटबंदी, तिन्ही बाजूंनी समुद्र. भावजी तटावरून बंदराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही तिघी देवळात टेका. मी जरा खाली जाऊन येतो."

"कुठे?"

"इथेच."

"मग आधी देवीला नमस्कार करा, आणि आपण सगळेच जाऊ इथेच," मी म्हटले.

भगवतीच्या देवळात गार होते. दर्शन झाले. गुरव समईची वात सारत होता. मला आता राहवेना. आडून आडून विचारण्यापेक्षा सरळ विचारावे म्हणून मी गुरवाला म्हटले, "आमच्या घरातल्या कुणी कौलाचं बोलून ठेवलंय का तुमच्याकडे?"

गुरव काही बोलायच्या आत भावजी वळले. "वहिनी! तुम्हाला कुणी सांगितलं कौलाचं?"

"मी ऐकलं सगळं. गोठ्यात."

"मग बरंच झालं," असे म्हणून त्यांनी चक्क सुस्कारा सोडला. "मला वाटत होतं तुम्ही अडवाल."

"अडवणारच! घर अख्खं आहे, ते अख्खंच राहिलं पाहिजे."

"अख्ख्याचं सध्या जमणार नाही, वहिनी. अर्ध्याचंच बघू. आमच्या बाजूचं."

देवीच्या दारात, आईच्या समोर, हा माणूस शांतपणे हे बोलतो आहे! "दादांना न विचारता?"

"दादाला पत्र टाकलंय. तो म्हणाला, तुला हवं तसं कर."

म्हणजे आमचे हेही सामील. मी पदर खोचला. "ठीक आहे. लावा तर मग आत्ता, माझ्यादेखत. उजवा मिळतो की डावा ते मलाही बघू दे."

भावजी माझ्याकडे बघतच राहिले. "उजवा-डावा काय, वहिनी? मंगलोरी."

गुरव आधी हसला. हसता हसता त्याला खांबाला टेकावे लागले. "बाई, हे छपराचं कौल म्हणतायत! देवाचा तो कौल, छपराचं ते कौल!"

"मंगलोरी कौल कुठल्या देवाचा गो?" सासूबाईंनी मला विचारले, आणि मग भावजीसुद्धा हसू लागले. "वहिनी, मी पाकळ्या लावून वाटणी मागायला आलो असं वाटलं काय तुम्हाला? आणि म्हणून माझ्या मागे मागे राजवाडा हिंडलात?"

मी हसले नाही. छपराचे का असेना, अर्धे म्हणाले होते ते. अर्ध्या घरावर तांबडी मंगलोरी आणि अर्ध्यावर आमची जुनी काळी नळीची, हे बघून आळीला आणखी काय सांगावे लागते? आणि छपराचेच काम होते तर मला लपवायचे कशाला?

किल्ला उतरून बंदराजवळच्या वखारीत गेलो. गलबतातून उतरवलेली कौले पेंढ्यात उभी रचून ठेवली होती. सासूबाईंनी एक उचलले आणि घागर घेताना वाजवतात तसे बोटाने वाजवले. "आवाज बरा आहे," म्हणाल्या.

वखारवाल्याने विचारले, "घर केवढं?"

भावजींनी सांगितले, अर्धेच घ्यायचे आहे.

"वाटणी झाली वाटतं?"

"नाही हो," भावजी म्हणाले, पण आवाज खाली गेला होता.

"बघा," मी म्हटले. "ज्याला आपण कोणाची माणसं ते ठाऊक नाही, तोसुद्धा हेच विचारतो. आंजर्ल्यात काय विचारतील? घालायची तर सगळ्या घरावर, नाहीतर नको."

भावजींनी जावेकडे बघितले. ती पेंढ्याच्या ढिगावर बसली होती. तोंड पांढरे पडले होते आणि लिंबू अजून हातातच होते. ती म्हणाली, "जाऊबाई, मागच्या आषाढात माझ्या अंथरुणावर पाणी गळत होतं, तुम्हीच परात आणून ठेवलीत. यंदा श्रावणात तिथे..." तिने पदर पोटावरून सारखा केला. मग म्हणाली, "मागे दोनदा सगळ्यांना सांगितलं आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. म्हणून या खेपेला कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं."

सासूबाईंनी हातातले कौल खाली ठेवले आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

मी लिंबाकडे बघितले. बोटीतल्या दशम्या आठवल्या, वाड्याची पायरी आठवली. मग वखारवाल्याला विचारले, "वाटेत फुटतात किती? थोडी जास्तीची द्या. आणि पेंढा भरपूर घाला, आमच्या खाडीत मालाचा पडाव आपटतो."

"अर्ध्याच घराची ना?" त्याने पुन्हा विचारले.

"अर्ध्याच. पश्चिमेच्या बाजूची."

"आणि तुमची बाजू, वहिनी?" भावजींनी विचारले.

"पुढच्या वर्षी. आणि गावात कुणी विचारलं तर उत्तर मी देईन."

विचारलेच. पहिल्या पावसाळ्यात पाणवठ्यावर मला तोच तोच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी भेटत होता. "घर दुरंगी झालं हो! वेगळे निघालात काय?" मी म्हणे, "जेवायच्या वेळेला या, पानं मोजा." विचारणाऱ्यांतली एक खरेच आली. पाने मोजून गेली आणि जाताना लोणचेही घेऊन गेली.

श्रावणात पश्चिमेच्या खोलीत पुतणी झाली. त्या रात्री पाऊस कोसळत होता आणि आत थेंब पडला नाही. आता ती पोर स्वयंपाकघरात माझ्या चुलीपुढे बसून भाकरी करपली की सांगते. चूल एकच आहे. तिच्यावरचे छप्पर मात्र अजून नळीच्या कौलांचे. वैशाखात आम्ही ती परतून घेतो आणि आषाढात परात काढतो.

भावजी दर वर्षी म्हणतात, "यंदा नक्की, वहिनी." मग नारळाचे पैसे येत नाहीत, किंवा पडाव मिळत नाही, किंवा सुतार मुंबईला गेलेला असतो. मला आता दुसराच संशय येतो. दोन्ही बाजू तांबड्या झाल्या की घराचे काम संपले, आणि काम संपले की दोघे भाऊ एकमेकांना पत्र कशाबद्दल लिहिणार? भावजींना विचारले तर ते आढ्याकडे बघतात.

वखारीतून वानगी म्हणून आणलेले एक मंगलोरी कौल स्वयंपाकघराच्या दाराला अडण म्हणून लावले आहे. यंदा पावसाआधी करायच्या कामांत पहिले लिहिले आहे, मागल्या वर्षीही तेच पहिले होते: स्वयंपाकघरावरची कौले.