कुलरचं विरजण

नागपुरात उन्हाळ्यात कुलर नसलेलं घर मिळणं कठीण, आणि टाकीत डासांच्या अळ्या नसलेला कुलर मिळणं त्याहून कठीण. माझ्या पीएच.डी.चा विषयच तो: अळ्या मारणारे जिवाणू आपल्या आसपास कुठे राहतात आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय. नाल्यांचं, टाक्यांचं पाणी बाटल्यांत भरत मी बुटीबोरीपासून खापरखेड्यापर्यंत हिंडले. आमच्या गल्लीतल्या कुलरांचंही घेतलं, कारण तिथे अळ्या पटापट मरत होत्या. त्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या म्हणून आईनं मला जे सुनावलं, ते इथे लिहीत नाही.

जिवाणूंच्या डीएनएचे तुकडे जेलच्या पातळ थरात विजेनं चालवले की पट्ट्या उमटतात. पट्ट्या जुळल्या की जवळचं रक्त. माझ्या जेलवर गल्लीतल्या सगळ्या नमुन्यांच्या पट्ट्या तंतोतंत सारख्या आल्या. वर खापरखेड्याला मावशीच्या टाकीतल्याही त्याच! मी खूश. माझ्या गाइड मॅडमनी मात्र चष्मा काढला.

"इतक्या घरचे जिवाणू इतके सारखे नसतात. तुझ्या हातून एकच जिवाणू सगळ्या नमुन्यांत गेलाय. तसं नसेल तर सिद्ध कर, नाहीतर सगळं फेक आणि पुन्हा सुरू कर."

माझं टाळकंच सरकलं. हात धुऊन धुऊन माझी कातडी निघाली, आणि म्हणे नमुने खराब! पण घर येईपर्यंत राग उतरला आणि भीती वाटायला लागली. हा उन्हाळा सरत आलेला; पुन्हा म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबणं आलं.

फाटकात शेजारच्या वहिनी आईकडून वाटीत काहीतरी घेऊन निघाल्या होत्या. दही असेल म्हणून वाकून पाहिलं, तर गढूळ पाणी.

"आई, हे काय देऊन राहिली वं?"

"कुलरचं पानी. तुया मावशीच्या टाकीत मच्छर होत नाई ना, म्हणून तिच्याकडून लोटाभर आणलं होतं. विरजण लावावं तसं आपल्या कुलरात लावलं. मंग जिनं मागितलं तिले दिलं. तू काहून कपाळाले हात लावून राहिली?"

अरे बाप्पा! म्हणूनच ही बाई टाकी घासू देत नव्हती. मी तिला मिठीच मारली. "सरक, घामानं चिकटून राहिली," म्हणाली.

हे ऐकून मॅडम खूप हसल्या, पण म्हणाल्या, "आईची साक्ष प्रबंधात चालत नाही. हे विरजण न पोचलेलं घर शोध."

तसं घर गल्लीत एकच होतं, समोरच्या काकूंचं. आमच्या कुलरचं पाणी गळून त्यांच्या वाळत घातलेल्या कुरडया भिजल्या होत्या, तेव्हापासून आईचा आणि त्यांचा अबोला, म्हणून तिथला नमुना मी घेतलाच नव्हता. मी आईची नजर चुकवून गेले. काकूंच्या टाकीत अळ्यांची नुसती वळवळ. काकूंनी बाटली स्वतः भरून दिली आणि हळूच विचारलं, "तुयी माय बरी हाय ना?"

त्यांच्या टाकीतले जिवाणू मी गल्लीतल्या नमुन्यांसोबत, त्याच हातांनी चालवले. पट्ट्या अगदीच निराळ्या! खोट माझ्या हातांत असती तर याही जुळल्या असत्या. मॅडम चष्मा चढवून जेलवर वाकल्या, मग म्हणाल्या, "लिहायला घे." मला रडूच आलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, काकूंच्या नमुन्यानं मला वाचवलं हेही. तिनं एवढंच विचारलं, "तिच्याकडे अळ्या होऊन राहिल्या?"

मग लोटा कुलरमध्ये बुडवला आणि निघाली. मी मागून ओरडले, "आई, थांब! काकूंचं पानी मले अजून तसंच लागंल!" ऐकते कुठे? समोरचं दार उघडलं आणि बंद झालं.

बऱ्याच वेळानं परतली तेव्हा हातात लोटा नव्हता, कागदात बांधलेल्या कुरडया होत्या.

"तळ," म्हणाली. "आन् तुया मॅडमलेही ने."