शेजाऱ्याची कुरकुर

मुलाकडे नेदरलँडला आलोय. शेजारचा यान माझ्याच वयाचा. आज त्यानं कॉफीला बोलावलं, डब्यातून एकच बिस्किट काढून दिलं आणि झाकण लावून टाकलं. मग कुरकुर सुरू झाली.

"आमच्या पेन्शनचा डबा आजवर सगळ्यांचा एकच होता. आता त्यात प्रत्येकाचा वाटा वेगळा मांडणार. शेअर बाजार पडला की माझी पेन्शनही घटणार. तरुण म्हणतात, म्हाताऱ्यांनीच जास्त खाल्लं. आम्ही म्हणतो, दिलेला शब्द पाळा. वर्षानुवर्षं हेच भांडण चाललंय."

मी मान हलवत होतो, पण आतून जळत होतो. मी जन्मभर खासगी कारखान्यात राबलो. पेन्शन कसली! निरोपाला शाल-नारळ मिळाला, तेव्हापासून मुलाच्या जिवावर आहे. यानच्या पेन्शनचा हेवा वाटलाच, पण त्याहून जास्त त्याच्या त्या बिनधास्त कुरकुरीचा वाटला.

घरी परतलो. स्वयंपाकघरात मुलगा आणि सून हळू आवाजात बोलत होते. माझी चाहूल लागताच गप्प झाले.

"बाबा, चहा टाकू?" सून म्हणाली.

यानच्या म्हातारपणावरून अख्खा देश चव्हाट्यावर भांडतोय. माझ्या म्हातारपणावरून दोघंच, तेही कुजबुजत.