कमीत कमी वीस अक्षरं

चर्चेचं संकेतस्थळ काढायचंय, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. मी सांगते, कोणतंही घ्या, पस्तावालच. विचारणारा हसतो. मी विनोद केलेला नसतो. इतकी वर्षं झाली, सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी जुगाराच्या, नकली घड्याळांच्या आणि नको त्या गोळ्यांच्या जाहिराती एकेक करून हाताने काढत बसते. आता हे सगळं आपोआप अडवता येतं, हे मला ठाऊक आहे. एकदा अडवून पाहिलं होतं.

अमरावतीत माझा कंप्युटर क्लास होता. शिकून पुण्याकडे गेलेली मुलं आणि इथलीच मंडळी यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून आम्ही इंटरनेटवर ती जागा काढली. आम्ही म्हणजे मी आणि अकोल्याचे भाई. भाईंचं तिथे कंप्युटर दुरुस्तीचं दुकान. घरात उर्दू, दुकानात वऱ्हाडी, आणि चिडले की दोन्ही. संकेतस्थळाला आम्ही चांगलं भारदस्त नाव दिलं होतं, पण ते कोणीच घेतलं नाही. सगळे त्याला 'पार' म्हणायचे. झाडाखालच्या पारावर जसं कोणीही येऊन टेकतं, तसंच ते होतं.

पहिलं सॉफ्टवेअर फुकटातलं. सुरुवातीला बरं चाललं. मग माणसं वाढली. संत्र्यावरचा डिंक्या रोग, कपाशीवरची अळी, पोरीसाठी स्थळ, मिरच्यांचा ठेचा, सगळ्याच गप्पा एका ओट्यावर. माणसांच्या मागोमाग यंत्रं आली. खोटी नावं घेऊन रोज शेकड्यांनी सभासद व्हायची आणि जाहिराती टाकून जायची. पान उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात भाकरी भाजून व्हावी. ज्यांच्याकडे आम्ही जागा भाड्याने घेतली होती ते दर आठवड्याला धमकी द्यायचे, तुमचं ओझं आवरा. माझ्या नाकी नऊ आले होते.

"म्याडम, फुकटाचं खाल्लं का पोट बिघडतेच," भाई म्हणाले. "आता धड काहीतरी घ्या."

धड काहीतरी शोधण्यात आमचा अख्खा उन्हाळा गेला. एकात मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटायची. दुसरं देखणं होतं, पण साध्या बटणांच्या मोबाइलवर उघडायचंच नाही, आणि आमच्या निम्म्या लोकांकडे तोच मोबाइल. तिसरं घेतलं. त्यात शिस्तीच्या सोयी फार होत्या, आणि मी इतकी वैतागले होते की मला शिस्तच हवी होती. पुण्याची मंडळी तर कधीची मागे लागली होती, चर्चेचा दर्जा राखा, होकारापुरतं नुसतं 'हाव' आणि 'बराबर' लिहिणाऱ्यांना आवरा. नव्या सॉफ्टवेअरात एक रकाना होता, मजकूर कमीत कमी किती अक्षरांचा हवा. भाईंना विचारून मी वीस टाकलं. जाहिराती टाकणारी यंत्रंही आधी दोन-चार अक्षरं टाकून चाचपणी करतात, ती यामुळे थांबणार होती. आणि थांबली. कितीतरी दिवसांनी मी सकाळी चहा गरम असताना प्यायले.

पारावर एक जण होता, 'मळेवाला' या नावाने लिहिणारा. अंजनगाव सुर्जीकडचा, पानमळा असलेला, एवढंच आम्हाला माहीत. रोज सकाळी तो इंग्रजी अक्षरांत 'राम राम' लिहायचा. बस, एवढंच. खाली पाच-पन्नास लोक उत्तरादाखल 'राम राम' लिहायचे, आमच्यातले मुसलमान सभासद 'सलाम' लिहायचे, आणि दिवस सुरू व्हायचा. याखेरीज तो क्वचित एखादा तुटक प्रश्न टाकायचा, धामणगावले कोणी जाऊन राहिलं काय, मोझरीले कोणी जाऊन राहिलं काय. कोणीतरी हो म्हणायचं, मग पुढचं बोलणं खासगी निरोपात. मला वाटायचं, पानांचं पुडकं पाठवत असेल. मी ते प्रश्न 'इतर' या विभागात ढकलून द्यायची.

नव्या सॉफ्टवेअरच्या कौतुकात आठवडा गेला आणि धारणीच्या एका शिक्षिकेने लिहिलं, 'मळेवाले दिसत नाहीत हल्ली, बरे आहेत ना?' तिच्या खाली आणखी दोघांनी तेच विचारलं. मग कोणीच काही लिहिलं नाही.

ती वर्षं कशी होती, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. पेपर उघडला की आतल्या पानावर रोज कोणत्या ना कोणत्या गावच्या शेतकऱ्याचं नाव. माणूस दोन दिवस दिसला नाही की मन एकाच ठिकाणी जायचं, आणि कोणी ते तोंडाने बोलायचं नाही. मी भाईंना फोन केला. ते म्हणाले, "मी बी तेच पाहून राहिलो. घरी बसून काय करता? उद्या दर्यापूरच्या स्टँडवर या."

ते अकोल्याहून आले, मी अमरावतीहून. पुढे अंजनगावपर्यंत एसटीने गेलो. पानाच्या बाजारात विचारत गेलो. "रोज मोबाइलवर राम राम लिहिणारा पानमळेवाला," असं सांगताना मला लाज वाटत होती, पण तिसऱ्याच माणसाने ओळखलं आणि रस्ता दाखवला. 'आहेत ना ते?' असं विचारायला माझी जीभ रेटली नाही.

तो होता. उंच शेवरीच्या झाडांच्या गार सावलीत शिडीवर चढून वेल बांधत होता. साठीचा, काटकुळा. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. आम्ही कोण ते भाईंनी सांगितलं. शिडीवरून न उतरताच तो म्हणाला, "आता काऊन आले? हाकलून देल्लं ना मले?"

"कोणी हाकललं?" मी म्हटलं.

"तुमच्या मशीननं. राम राम लिवला तं लाल अक्षरात इंग्रजी काहीतरी येते. दुसऱ्या रोजी बी तेच. माह्या दारात कोणी आलं आन् म्या राम राम नाई घेतला, असं कधी झालं नाई. तुमी माहा परत केला."

ते लाल अक्षर मीच बसवलेलं होतं. मजकूर फार छोटा आहे, एवढंच ते म्हणत होतं. मी समजावायला लागले, जाहिराती, यंत्रं, वीस अक्षरं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, खाली उतरला, हात धोतराला पुसले.

"बाई, मले लिवाची हौस नाई," तो म्हणाला. "माह्या शेजारच्या मळ्यातला गडी दोन दिवस दिसला नाई. मले वाटलं, बहिणीकडं गेला अशीन. तो घरातच होता. कोणी पाह्यलंच नाई." त्याने लोंबणारी एक वेल उचलून शेवरीला लावली. "तवापासून मी रोज सकाळी हाक टाकतो. कोण-कोण ओ देते ते पाह्यतो. दोन दिवस कोणी ओ नाई देल्ली, का तिकडं जाणाऱ्याले सांगतो, जरा डोकावून या म्हणून."

म्हणजे आम्हाला वाटत होतं आम्ही त्याची काळजी करतोय. तो आमची हजेरी घेत होता. आणि त्याचे ते प्रश्न मी 'इतर'मध्ये ढकलत होते.

"त्या धामणगाववाल्याचं काय झालं?" त्याने विचारलं.

धामणगाव रेल्वेचा एक जण पारावर कपाशीवर लांबलचक लिहायचा, कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होता. जिनिंग बंद पडली तसं त्याचं लिहिणं आटलं होतं आणि सकाळचा राम राम तेवढा उरला होता. तो गेल्या काही दिवसांत दिसला की नाही, हे मला सांगता येईना. वीस अक्षरांच्या दाराबाहेर सगळ्यांचेच राम राम पडले होते.

भाईंनी खिशातला मोबाइल काढून त्यावर मळेवाल्याच्या नावाने पार उघडला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. "काका, लिवा. एकदा नाई, सात-आठ खेप लिवा. मंग मशीन घेते."

त्याने बटणं दाबत दाबत ओळीने राम राम लिहिले आणि शेवटी धामणगाव एवढंच जोडलं. यावेळी लाल अक्षर आलं नाही. मग त्याच्या सुनेने चहा आणला, आम्ही बांधावर बसून प्यायलो. भाई सारखे मोबाइलकडे पाहत होते. माझी सगळी सॉफ्टवेअरं, सगळा उन्हाळा, सगळा दर्जा त्या छोट्या पडद्यापाशी येऊन थांबला होता.

धारणीच्या शिक्षिकेचं उत्तर आलं. मग पुण्याचं एक. मग अकोटचं. पेल्यातला चहा संपला, सुनेने आणखी ओतला. ऊन मळ्याच्या कडेला सरकलं तेव्हा भाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. धामणगाववाल्याने लिहिलं होतं: 'राम राम भाऊ. रोज उघडून पाहून राहिलो होतो. वाटलं, आता कोणी इचारत नाई.'

मळेवाल्याने मला तेवढं दोनदा वाचायला लावलं. मग डोक्यावरचं फडकं काढून तोंडावरून फिरवलं आणि परत शिडीकडे गेला. मी भाईंना म्हटलं, "आत्ताच्या आत्ता ते वीस काढून टाका, कुठून निघतं ते पाहा."

"काढतो ना," भाई म्हणाले आणि मोबाइल माझ्या हातात ठेवला. "पण म्याडम, आधी त्या धामणगाववाल्याले राम राम घाला."